निळ्या फुलांची गौर

ऊर्मिला चाळके खोटं फार कमी बोलायची, त्यामुळे बोलली की ते कुणाला ओळखू यायचं नाही. जर्मनीतल्या र्युसेल्सहाइमच्या मराठी मंडळात ती फटकळ म्हणून प्रसिद्ध होती, आणि फटकळ माणूस खरंच बोलतो असा लोकांचा समज असतो.

ती कोल्हापूरची. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलेली. लग्नाआधी दाजीपूरच्या जंगलातून रोपं आणून वर्तमानपत्रात दाबून ठेवायची, त्यामुळे तिच्या पलंगाखाली कायम सुकल्या पानांचा वास असायचा. लग्न झालं ते सावर्ड्याच्या नागेश चाळकेशी. तो मोटारींच्या कारखान्यात गिअरबॉक्सवर काम करणारा इंजिनियर, दोन वर्षांत जर्मनीला आला आणि मागोमाग ती आली. मग अहिल्या झाली, जर्मन भाषेचे वर्ग झाले, शाळेतल्या पालकांच्या सभा झाल्या. तेरा-चौदा वर्षं ती नागेशची बायको आणि अहिल्येची आई होती. घराच्या घंटीवर 'चाळके' होतं, आणि शेजारी त्याचा उच्चार फुटबॉलच्या एका जर्मन संघाच्या नावासारखा करायचे.

शहराबाहेर, बसच्या शेवटच्या थांब्यापलीकडे, जंगलाच्या पोटात ओली कुरणं होती. वरून विमानतळाकडे उतरणारी विमानं जायची आणि खाली पाऊल घातलं की पाणी वर यायचं. संरक्षित जागा होती. पायवाट सोडायची नाही, काही तोडायचं नाही, कुत्रा मोकळा सोडायचा नाही, अशी पाटी होती. दर बुधवारी आणि शनिवारी तिथे सात-आठ निवृत्त जर्मन माणसं हातमोजे घालून काम करायची. त्यांचे म्होरके हेर क्रेमर, म्हणजे क्रेमरसाहेब. नागेशच्याच कारखान्यात रंगकाम करून निवृत्त झालेले, सत्तरी उलटलेले. ऊर्मिला एकदा अहिल्येला घेऊन फिरायला गेली होती, तेव्हा क्रेमर चिखलात गुडघे टेकून बसले होते. तिने विचारलं, त्यांनी दाखवलं. तेव्हापासून सहा वर्षं ती जात होती.

क्रेमरनी दाखवलं होतं ते म्हणजे लुंगेनएन्त्सिआन. गडद निळी, उभी, घंटेसारखी फुलं, आतून हिरव्या रेघा असलेली. पूर्वी म्हणे सगळं कुरण ऑगस्टमध्ये निळं व्हायचं. आता बोटांवर मोजण्याइतकी झुडपं एका कोपऱ्यात उरली होती. रानडुकरांनी उकरू नयेत म्हणून त्या कोपऱ्याला तारेचं कुंपण होतं आणि त्याला एक लाकडी दार होतं. दाराला कुलूप नव्हतं, नुसती कडी होती. आत-बाहेर करताना कडी लावायची, हा क्रेमरचा एकच नियम. तोच अलीकडे त्यांच्या स्वतःच्या लक्षात राहीनासा झाला होता. चष्मा डोक्यावर ठेवून शोधायचे. एकाच माणसाला दोनदा चहा विचारायचे. ऊर्मिला त्यांच्या मागे जाऊन गुपचूप कडी तपासायची आणि त्यांना कळू द्यायची नाही. तिच्यात जी काही माया होती, ती बरीचशी तिथे खर्च व्हायची.

दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात क्रेमरनी तिला सांगितलं की सरकारी निसर्ग खात्याला या कुरणांसाठी अर्ध्या दिवसाच्या पगाराचं माणूस हवं आहे आणि त्यांनी तिचं नाव सुचवलं आहे. खात्याच्या बाई सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी एन्त्सिआन फुलावर असताना बघायला येणार होत्या. ऊर्मिलेने घरी सांगितलं. नागेश म्हणाला, छान, पण गौरी विसर्जन त्याच शनिवारी आहे.

या वर्षी गौर त्यांच्याकडे येणार होती. सावर्ड्याच्या घरची गौर तेरड्याची. दिराने हात वर केले होते, त्याच्याने आता होत नाही म्हणून. सासऱ्यांच्या मागे गौर बंद पडली तर आपलं काही खरं नाही, या धास्तीने सासूबाई मुखवटा पेटीत घालून जुलैतच जर्मनीला आल्या. शोभनाबाई. बारीक, चपळ, पांढऱ्या साडीत नव्हे तर फिकट रंगाच्या सलवार-कुडत्यात वावरणाऱ्या आणि तरीही स्वतःच्या वैधव्याचे नियम कडक पाळणाऱ्या. त्या आल्या की घरात नागेशचा 'अहो' व्हायचा आणि ऊर्मिलेची शनिवारची चिखलाची बुटं बाल्कनीत जायची.

पहिल्याच आठवड्यात ऊर्मिला त्यांना कुरणावर घेऊन गेली. आपण काय करतो ते दाखवावं असं तिला मनापासून वाटलं होतं. तिने निळी फुलं दाखवली. शोभनाबाईंनी 'हं' केलं. मग ओढ्याच्या कडेला त्या एकदम थांबल्या आणि त्यांचा चेहराच बदलला.

ओढ्याच्या कडेने गुलाबी फुलांची उंच झाडं दाटली होती. पिकलेल्या बोंडाला हात लागला की ते फुटून बी उडायचं. तेरडा. सावर्ड्याच्या बांधावरचा नव्हे, हिमालयातला, माणसाच्या उंचीचा, पण तेरडाच. जर्मन त्याला इंडिशेस श्प्रिंगक्राउट म्हणतात, म्हणजे भारतातला उडता पाला. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कुणी बागेत लावायला आणला आणि तो पाण्याच्या कडेने पसरत गेला. बाकी काही उगवू देत नाही. बुधवार-शनिवारचं निम्मं काम तो उपटण्याचंच होतं. उपटताना क्रेमर दर वेळी म्हणायचे, फ्राउ चाळके, तुमच्या गावची मंडळी पुन्हा आली. आणि ऊर्मिला दर वेळी हसायची.

शोभनाबाई त्या झाडांना हात लावून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, इतक्या लांब आली आणि माझ्या आधी येऊन उभी राहिली. गौर इथूनच आणायची. ऊर्मिला म्हणाली, आणू.

ती तेव्हा मनापासूनच तसं म्हणाली होती.

सोमवारी गणपती बसला. संध्याकाळच्या आरतीला मंडळातली घरं आली होती, डार्मश्टाटपासून मायन्त्सपर्यंतची. जेवणं झाल्यावर कुणीतरी ऊर्मिलेला नोकरीचं विचारलं. ती सांगू लागली, खात्याच्या बाई येणार आहेत, निळी फुलं दाखवायची आहेत. पहिल्यांदाच खोलीतले सगळे तिचं ऐकत होते. तेवढ्यात मोदकांचं ताट फिरवत शोभनाबाई म्हणाल्या, "एम.एस्सी. झाली, पण करते काय, तर भांगलण. आमच्याकडे भांगलायला बायका येतात त्यांना निदान चहा-भाकरी मिळते. ही डबासुद्धा घरून नेते."

लोक हसले. त्यात वाईट काही नव्हतं, पोट भरलं की माणसं हसतात. पण नागेश म्हणाला, "आणि येताना चिखल मात्र फुकट आणते, आई." त्यावर सगळ्यांत मोठ्याने तोच हसला.

ऊर्मिलाही हसली. ताटातला मोदक घेतला, खाल्ला, छान झाला म्हणून सांगितलं.

बुधवारी ती कुरणावर गेली. खात्याच्या बाई येण्याआधी ओढा साफ करायचा होता. क्रेमर म्हणाले की एका दिवसात सगळा होणार नाही, पुलाजवळचा तुकडा पुढच्या आठवड्यात घेऊ. ऊर्मिला म्हणाली, नको, आजच संपवू. बाकीचे दुपारी गेले तरी ती थांबली. क्रेमरना तिने कधीतरी गौरीचं सांगितलं होतं. निघता निघता चष्मा पुसत त्यांनी विचारलं, तुमच्या सासूबाईंना दोन झाडं हवी होती ना, बाजूला ठेवू का? तिने सांगितलं की बोंडं पिकली आहेत, गावातून नेताना बी सांडेल, नियमात बसत नाही. हे अक्षरशः खरं होतं. क्रेमरनी कौतुकाने मान डोलावली. शेवटचं झाड पुलाखाली होतं. ती पाण्यात उतरली, ते मुळासकट काढलं आणि ढिगावर टाकलं. घरी येताना बसमध्ये तिला फार बरं वाटत होतं.

गुरुवारी गौर आणायची. विधवेने गौर आणायची नाही, सुवाशिणीने नाहीतर कुमारिकेने आणायची, तेव्हा ऊर्मिलाच जाणार होती. पण ओढ्याच्या रिकाम्या काठावर सासूबाईंच्या शेजारी उभं राहण्याची तिची तयारी नव्हती. सकाळी चहा घेताना ती म्हणाली, "आई, माझी अडचण आली."

शोभनाबाईंनी कॅलेंडरकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, आलं त्याला कोण काय करणार, तू आतल्या खोलीत बस, स्वयंपाकाचं मी बघते. अहिल्या शाळेतून आली की ती येईल माझ्याबरोबर. तीन दिवस स्वयंपाकघरातून सुटका होणार होती, हेही ऊर्मिलेच्या ध्यानात आलं होतंच. ती पुस्तक घेऊन आत बसली. घावन आणि घाटल्याचा वास दाराखालून येत राहिला.

अहिल्या तेरा वर्षांची. मराठी सगळं कळायचं, उत्तर जर्मनमध्ये; आजीपुरतं तेवढं मोडकं मराठी. आजीने तिला परकर-पोलकं नेसवलं, वरून थंडीचं जाकीट घातलं आणि सांगितलं की गौर उपटल्यापासून ती घरात टेकेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, मागे बघायचं नाही. मुळं तुटू द्यायची नाहीत. मुळं म्हणजे गौरीची पावलं. अहिल्येने विचारलं, कुणी काही विचारलं तर? तरी बोलायचं नाही, आजी म्हणाली.

दोघी परतल्या तेव्हा ऊर्मिला आतल्या खोलीतून आवाज ऐकत होती. उंबऱ्यावर पाय धुतल्याचं पाणी, घंटा, आणि शोभनाबाईंचा चढा, आनंदी आवाज. गौर आली. कशाच्या पावली आली? सोन्याच्या पावली आली. त्या आवाजात आनंद का आहे, हे तिला कळेना. ती उठून दारात आली.

घडीच्या स्टुलावर तांब्या होता, तांब्यावर मुखवटा बांधायचा होता, आणि शोभनाबाई ताम्हनातली रोपं एकेक करून दुधाने धूत होत्या. चिखलाचा कणही राहू नये म्हणून मुळं बोटांनी चोळत होत्या, आणि चोळलेल्या मुळांना हळद-कुंकू लावत होत्या. पानं अरुंद होती. फुलं निळी होती, घंटेसारखी, आतून हिरव्या रेघा असलेली.

सगळी होती. एकही मागे ठेवलेलं नव्हतं.

शोभनाबाईच सांगू लागल्या. ओढ्यावर काही नव्हतं, एक काडी नव्हती. मग पोरीने हाताला धरून नेलं. तेरडा नाही तर नाही, पण पाण्याकाठचीच आहे, मुळासकट आली, रंग तर बघ, महादेवाच्या कंठाचा. असं म्हणत त्यांनी जुडी तांब्यात उभी केली आणि ऊर्मिला पुढे आली तशी हात आडवा केला. "शिवू नकोस गं. तुझी अडचण आहे ना?"

ऊर्मिला जागच्या जागी थांबली.

त्या वेळीही सगळं हातचं गेलेलं नव्हतं. ओल्या फडक्यात गुंडाळून तासाभरात परत लावली असती तर निदान निम्मी जगली असती, हे तिच्याइतकं त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यासाठी फक्त एक वाक्य बोलायला हवं होतं. मी खोटं बोलले. पण त्याच्या मागून दुसरं वाक्य येणार होतं, का बोललीस, आणि त्याच्या मागून तिसरं, ओढ्यावरचा तेरडा कुणी काढला.

तिने नागेशला आत बोलावून सांगितलं की ही फुलं ती आहेत, शनिवारची. नागेश गोरामोरा झाला, पण म्हणाला, बसवलेली गौर आता हलवायची? आईला काय होईल? उद्या पंधरा बायका हळदीकुंकवाला येणार आहेत. तूच आण ना उचलून, असं ती म्हणाली, तर म्हणाला, मी पुरुषमाणूस, मी कसा हात लावू. मग त्याने विचारलं की दुसरीकडे कुठे मिळतील का, विकत.

अहिल्येला तिने खोलीत गाठलं. तुला माहीत होतं ही कुठली फुलं आहेत. सात वर्षांची असल्यापासून तू बघतेस. एक शब्द बोलायला काय झालं होतं?

"इश दुर्फ्ट डोख निश्त रेडन," अहिल्या म्हणाली. मला बोलायची परवानगीच नव्हती. मग मान खाली घालून, अजून जर्मनमध्येच, म्हणाली की ओढ्यावर आजी रडत होती, लहान मुलीसारखी, आवाज काढून. मला दुसरं काही सुचलं नाही.

ऊर्मिलेने तिच्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा. अहिल्या रडली नाही, नुसती बघत राहिली. मारताना आईला रागापेक्षा घाईच जास्त होती, हे तिच्या लक्षात आलं असावं.

शुक्रवारी बायका आल्या. दारातून लांबूनच ऊर्मिलेने सगळ्यांना नमस्कार केला. हिरव्या काठाची साडी, मोत्याची नथ, आणि मुखवट्यामागे मान टाकू लागलेली निळी फुलं. इतकी वेगळी गौर कुणी पाहिली नव्हती. सगळ्यांनी फोटो काढले. शोभनाबाई प्रत्येकीला सांगत होत्या की गौर माझ्या नातीने शोधली. जाताना एकीने ऊर्मिलेला डोळा मारून म्हटलं, बरी सुटलीस हं कामातून.

शनिवारी ती सकाळीच कुरणावर गेली. काय बोलायचं ते तिने ठरवलं नव्हतं, आणि ते तिला ठरवावं लागलंच नाही. कुंपणाचं दार सताड उघडं होतं. रानडुकरांनी कोपरा नांगरल्यासारखा केला होता. रोपांच्या जागाही ओळखू येत नव्हत्या, वर्ष-दोन वर्षांची कोवळी रोपं जमिनीलगत होती तीही उलथून पडली होती. हेर क्रेमर मधोमध उभे होते. खात्याच्या बाई कुंपणाबाहेर हातातली छत्री मिटत होत्या.

क्रेमर ऊर्मिलेकडे वळले. त्यांचे ओठ हलत होते. "बुधवारी शेवटचा मी होतो का? कडी मी लावली होती ना, फ्राउ चाळके?"

बुधवारी शेवटची ती होती. पुलाखालचं झाड ढिगावर टाकून झाल्यावर तिने स्वतः येऊन कडी पाहिली होती. पक्की होती.

तिने त्यांच्या दंडाला हात लावला. फार मऊपणाने म्हणाली, "होतं असं, हेर क्रेमर. या वयात कुणाचंही होतं."

त्यांनी मान हलवली. दोनदा, तीनदा. मग खिशातून अवजारांच्या खोपटाची किल्ली काढून तिच्या हातात दिली आणि चिखलातून बसथांब्याकडे चालू लागले. चष्मा डोक्यावरच होता. खात्याच्या बाई हळू आवाजात म्हणाल्या की बरेच दिवस याची काळजी वाटत होतीच, इथे जबाबदार माणूस पूर्वीच नेमायला हवा होता.

संध्याकाळी पुलावरून गौर ओढ्यात सोडली. तोवर ती काळपट झाली होती. घरी आल्यावर अहिल्येने आईला विचारलं की कुंपणाचं काय झालं. ऊर्मिलेने सांगितलं, डुकरं आली, क्रेमर कडी लावायला विसरले. अहिल्येने जाकीट काढून खुर्चीवर ठेवलं. मग म्हणाली की कडी मी उघडली होती. दोन्ही हातांत गौर होती, आणि मागे बघायचं नव्हतं. मी सांगू का त्यांना?

"तू कुणाला काही सांगायचं नाहीस," ऊर्मिला म्हणाली. "कुणाला म्हणजे कुणालाच नाही."

नोव्हेंबरात तिची नेमणूक झाली. छातीवर नावाची पट्टी मिळाली, तिथे उच्चार चुकवणारं कुणी नव्हतं कारण ते छापलेलं होतं. नागेशने मंडळाच्या गटावर तिचा फोटो टाकला, हिरव्या जाकिटातला. एकदा दुकानाच्या रांगेत क्रेमरांची बायको भेटली. तिने मनापासून अभिनंदन केलं. क्रेमरांचं विचारलं तर म्हणाली की बाहेर जात नाहीत आता. दिवसभर उठून घराच्या दाराची कडी बघतात. लावलेली असते, तरी परत जाऊन बघतात. जेवताना हात धरून बसवावं लागतं. मग तिने विचारलं, ती निळी फुलं परत येतील का हो? ते रोज विचारतात. ऊर्मिलेने सांगितलं, मातीत बी असतं, सांगता येत नाही. आणि आपल्या सामानाकडे वळली.

त्याच आठवड्यात रविवारी सावर्ड्याहून फोन आला. तो टेबलावर ठेवून, आवाज मोठा करून ऊर्मिला पोळ्या लाटत होती. समोर अहिल्या जेवत होती. शोभनाबाईंचा आवाज आनंदाने फुटत होता. "पावली की नाही निळी गौर? मी तेव्हाच म्हटलं होतं. नोकरी दिली तुला तिने. पुढच्या वर्षी तीच आणू हं, तेरडा नको. अगं, अहिल्या आहे का तिथे? काय गं, खूश आहे ना तुझी आई?"

अहिल्येने घास खाली ठेवला. आईकडे पाहिलं, आणि गेल्या कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तिला मराठीत, अगदी हळू विचारलं, "बोलू का?"

ऊर्मिलेने पिठाच्या हाताने फोन उचलून कानाला लावला.

"ती आंघोळीला गेलीय, आई," ती म्हणाली.